कुंदा चावली त्याचा कागद

समन्स कानडीत आलं.
आमच्या गल्लीत कानडीत आलेला कुठलाही कागद,
लाईटबिल, रेशनचा, उताऱ्यातली दुरुस्ती,
नीलव्वा टीचरच वाचून दाखवते.
म्हणून हाही घेऊन
मी तिच्याच दारात गेलो.

उजवा हात मनगटापासून पांढऱ्या पट्टीत.
डाव्या हातानं चष्मा लावला,
मागची तक्रारीची नक्कल मांडीवर सपाट केली
आणि वर न बघता म्हणाली,
"अक्षर माझंच हाय. बस."

फिर्यादी: नीलव्वा मल्लप्पा हुद्दार, निवृत्त शिक्षिका.
आरोपी: बाळासो कृष्णा शिंत्रे, पूर्वी ट्रक ड्रायव्हर, राहणार निपाणी.
"नायी कच्चितु."
कानडीत नायी म्हणजे कुत्रं.
माझ्या कानाला जन्मभर ते 'नाय' ऐकू येतं.
नाय चावलं, नाय चावलं,
असं वाटत राहिलं दोन ओळी.
मग तिनं मराठीत सांगितलं:
चावलं. चार दात.

रंग बेळगावच्या कुंद्यासारखा, म्हणून कुंदा.
ठाण्यात हवालदारानं विचारलं,
कुंदा कोण, मंडळी का?
म्हटलं, नव्हं साहेब, औषध.
तो हसला. लिहिलं: पाळीव जनावर, एक.

औषधच. तवंदीच्या घाटातल्या त्या रात्रीनंतर
दोन वर्षं माझ्या झोपेत टायर फुटत होते.
बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं:
या इसमास या श्वानाची सोबत आवश्यक आहे.
वकील म्हणाले, चिठ्ठी चांगली आहे,
पण कायद्यात असल्या कुत्र्याला वेगळी खुर्ची नाही.
ज्याच्या हातात दोरी, त्याच्या गळ्यात कलम.
मालक.
टीचर 'मालीक' म्हणते, ली लांब ओढून.

गुरुवारचा बाजार. मिरचीच्या ढिगांपाशी
टेम्पोचा टायर फुटला, खरोखरचा.
मी कुठं गेलो मला माहीत नाही.
एवढं कळलं की कुंदा छातीवर आडवी पडलीय,
शिकवल्यासारखी, सगळं वजन टाकून,
आणि एक हात माझ्या खांद्याकडं येतोय, उचलायला.
बांगड्यांचा आवाज ओळखीचा होता.
मला.
तिला नव्हता.

"दोरी सैल होती. तोंडाला जाळी नव्हती.
मालक त्या वेळी जमिनीवर बसला होता."
टीचर पुढच्या ओळीवर गेली.
मी म्हटलं, बसला होता?
"बसला होतास."

मी बसलो नव्हतो. मी लोळत होतो,
क्लीनरच्या पोराला हाका मारत,
विजार ओली, भोवती निम्मा बाजार.
ह्यातलं एक अक्षर तिनं लिहिलं नव्हतं.

वकिलांना नेमकं तेच पाहिजे.
सगळं सांगा, म्हणतात,
जनावर उगाच चावलं नाही हे दिसायला पाहिजे.
आणि साक्षीला कोण, तर फिर्यादीच.
उलटतपासणीत तिलाच विचारू,
बाई, नीट आठवून सांगा,
हा बसला होता, की...

टीचरनं कागदाची घडी घातली.
"तारीख अठरा. साडेदहाला जा, धुतलेला शर्ट घालून.
इंजेक्शनचा खर्च मी मागणार, आत्ताच सांगते.
पाच हाय. तीन झाली."
मग दाराबाहेर बघितलं.
कुंदा खांबाला बांधलेली,
तोंडाला नवी जाळी, जीभ बाहेर येईना.
"पाणी पाजताना तेवढं काढत जा,"
म्हणाली, आणि पट्टीचा हात
पदराखाली घेऊन आत गेली.

चौथ्याला मी सोबत येऊ का,
हे विचारायचं राहिलं.

चिठ्ठी खिशात, घामानं मऊ झालेली.
दोरीचे दोन वेढे मनगटाला.
घर येईपर्यंत
मी नुसतं म्हणून बघत होतो:
साहेब, मी बसलो होतो.