एक मीटर आठ

विट्याहून लेंगऱ्याकडे वळताना जो फाटा लागतो
तिथला बसथांबा चौदा वर्षांत कुणाच्या उपयोगी पडला नाही.
म्हणजे, एका कुत्रीची तीन वेतं झाली त्यात.
आणि सोसायटीच्या निवडणुकीतलं एक नाव
भिंतीवर अजून निवडून यायचं राहिलंय.

मला पाठवलं नवा बांधायला.
नकाशा तयार होता, नमुना क्रमांक चार,
तोच जो कोकणात चालतो आणि खानदेशातही:
तीन भिंती, एक बाक, वर पत्रा,
पाटीवर नावापुरती जागा मोकळी.
साहेब म्हणाले, कोळेकर मॅडम, दोन दिवसांत आखणी टाका.
मी अकरा दिवस नुसती बसून राहिले
पंक्चरवाल्या इलाहीच्या टपरीत, टायरवर.

वहीत लिहीत गेले:
सकाळी नऊ. माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत,
एकामागे एक, सावलीइतकीच रुंद.
साडेदहा. सावली सरकली, रांग सरकली.
कुणी कुणाला काही म्हणालं नाही.
बारा. सावली खांबाच्या पायाशी गोळा.
रांग मोडली. माझ्या टायरवर आता आम्ही तिघी.

थांब्यात का बसत नाही, विचारलं
तर हौसाबाई पाटोळे हसल्या.
"आत बसलं की येष्टी दिसत न्हाय,
आन् येष्टीला आमी दिसत न्हाय."
एवढं साधं, चौदा वर्षांत एका कागदावर आलेलं नव्हतं.

पण मला कोडं पडलं होतं वेगळंच.
शेंगांची पाटी, कडब्याचा भारा, काहीही डोक्यावर असलेली बाई
फाटा ओलांडून चाळीस पावलं पुढं जायची,
ओढ्यावरच्या मोरीपर्यंत.
तिथल्या कठड्याला पाठ लावायची,
गुडघ्यात जरा वाकायची,
आणि ओझं मागच्या मागं कठड्यावर उतरायचं,
कुणाच्या हाताशिवाय.
गाडी आली की तसंच उलट. चुंबळ, मान, आणि पळत सुटायचं.
कधी गाडी सापडायची. कधी नाही.

मी टेप काढली. कठडा मोजला. मग खांदे.
"बलाऊज शिवतीस व्हय गं?" सुंदराक्का म्हणाली,
आणि सगळी मोरी हसली.

नकाशा पुन्हा काढला.
भिंती नाहीत. चार खांब, लांब छप्पर,
सावली पडेल तिकडं नाही, माणसं सरकतील तिकडं.
वळणाकडची बाजू उघडी.
आणि कडेनं एक कट्टा, उंची एक मीटर आठ.

फाईल परत आली, लाल शेरा घेऊन:
या उंचीवर माणूस बसणार कसा?
खाली लिहिलं, माणसासाठी नाही, ओझ्यासाठी.
त्या एका ओळीला सात महिने लागले.

झाला तेव्हा मुद्दाम एसटीनं गेले.
कट्ट्यावर इलाहीच्या ट्यूबा वाळत होत्या,
चहाचे चार ग्लास,
एक पोरगा उभ्यानं गणितं सोडवत होता.
मी मोजलेलं नव्हतं यातलं काही.

हौसाबाईंनी पाटी उतरवली, एकटीनं, नेमकी, जशी मी काढली होती.
मनातल्या मनात मी सही केली.
मग गाडी दिसली वळणावर
आणि हौसाबाई कट्ट्याला पाठ न लावता
इकडंतिकडं बघायला लागल्या.
"सुंदरे, हात लाव गं."
सुंदराक्का आली. पाटी दोघींच्या मधे, चार हात काठाला,
कपाळाला कपाळ भिडेल इतक्या जवळ
दोघी काहीतरी बोलल्या. काय, ते ऐकू आलं नाही.
पाटी चढली. गाडी थांबली.
टेप माझ्या पिशवीतच राहिली.

जुना थांबा त्याच दिवशी पाडायचा होता.
मुकादम पहार घेऊन उभा, आणि दारात इलाही आडवा.
"चौथं वेत हाय, म्याडम. डोळं उघडल्यात, पाय न्हाईत अजून."
मी आत वाकून बघितलं.
मापवहीत तारीख टाकली,
तीन आठवडे पुढची.