उसनं अवसान

सकाळी नऊला फोन आला.
मेनमध्ये बर्फ, विमानतळ बंद,
त्यांचा संघ कालच पोचला विचिटात,
बँड मात्र तिकडेच अडकलाय.
तुम्ही वाजवाल का?
पैसे नाहीत, पिझ्झा आहे,
आणि प्रत्येकी एक शर्ट.

आम्ही हो म्हटलं.
आमचं कॉलेज कधीच नसतं त्या चौसष्टांत,
बाद फेरीत आम्हाला एरवी
कोण घेणार आत?

शर्ट आले हिरवेगार, सगळे एकाच मापाचे.
छातीवर शिंगं उगारलेला मूस, खाली 'हॅलोरन'.
कागदाच्या गिरणीचं गाव, म्हणे. गिरणी बंद.
ऑडलीने नकाशात शोधलं,
दोन बोटांनी इतकं मोठं करत नेलं
की शेवटी पडद्यावर नुसती नदी उरली.

त्यांच्या कॉलेजगीताचे कागद दुपारी छापून मिळाले.
चौथ्या ओळीत एक शार्प गाळलेला,
ते आम्हाला कळलं वाजवून झाल्यावर,
समोरच्या रांगेतल्या सहा म्हाताऱ्यांची तोंडं बघून.

मी ट्रॉम्बोन.
मागच्या खिशात घडी घातलेला सामन्यांचा तक्ता,
त्यात हॅलोरन खोडून
दुसरं मानांकन पुढे सरकवलेलं,
पेन्सिलीने नाही, पेनाने.
पाच डॉलर लावले होते.
पंधराव्या मानांकनावर कोण लावतो?

समोरचे दोघं सात फुटी,
बाकीचे दारातून तिरके होऊन शिरावेत असे.
आमच्याकडे ल्यूसियन वेलेट,
डावखुरा, चेंडू टाकण्याआधी चड्डीला हात पुसणारा,
आणि लिबान वारसामे,
ज्याला कुणी सांगितलंच नव्हतं
की त्या दोघांच्या मधून जाता येत नाही.
तो गेला.
परत गेला.
तिसऱ्यांदा गेला तेव्हा
आमची ढोलवाली नूर काठी फेकून किंचाळली,
काठी कुठे पडली ते अजून सापडलेलं नाही.

मध्यंतराला आम्ही चारने पुढे.
आम्ही.
हा शब्द तोंडात कधी आला
ते मला सांगता येणार नाही.

मग पाय संपले.
हात तेच, डोळे तेच,
उडी फक्त दोन बोटं कमी.
कड्याच्या आत पडणारं कड्यावर आपटू लागलं.
लिबानचा पाचवा फाऊल.
तो बाकावर बसला, डोक्यावर टॉवेल,
टॉवेलच्या आत काय चाललंय
ते सगळ्या देशाला दाखवायला
एक कॅमेरा गुडघे टेकून जवळ सरकला.
नूर म्हणाली, सरक ना रे बाजूला.
इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू आलं.

चाळीस सेकंद उरली, अकराचं अंतर.
कोचने अन्सेल्म पेलेटियेला उठवलं.
वर्षभर तो पाण्याच्या बाटल्या भरत होता,
सरावाचा शर्ट काढताना तो डोक्यातच अडकला,
दोघांनी ओढून काढला.
त्याला दोन फ्री थ्रो मिळाले.
पहिला कड्याला शिवलाही नाही.
दुसरा आधी फळीवर, मग कड्यावर,
मग जरा विचार करून आत.

आम्ही न सांगता उठलो आणि गीत वाजवलं.
या वेळी शार्प लागला.
सहाही म्हातारे उभे राहिले,
एकाने टोपी काढली,
तिचं काय करावं ते न कळून पुन्हा घातली.

हरलो, दहाने.
तक्त्यातलं माझं उत्तर बरोबर निघालं.

ट्रॉम्बोनची थुंकी झटकत होतो,
तेव्हा एक बाई पायऱ्या उतरून आली,
गालावर हिरवा रंग, मधोमध ओघळलेला.
माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली,
एवढ्या लांब आलात रे पोरांनो.
विमान कधीचं तुमचं?

मी चार गल्ल्यांपलीकडे राहतो,
लाँड्रीच्या वर.

उद्या सकाळी, मी म्हटलं.
बर्फ थांबला तर.