अनुभव : तासांत लिहा

अर्जात एक चौकोन आहे,
पोस्टाच्या तिकिटाएवढा.
त्यात लिहायचं : पदवी कोणती, आणि तीच का निवडली.

निवडली?

नीटमध्ये पहिल्यांदा एकोणीस गुण कमी पडले,
दुसऱ्यांदा एकतीस.
त्या दुपारी बायोकेमिस्ट्रीची यादी बंद झाली होती,
आणि सयाजीगंजातल्या खिडकीमागचे भाई
मान वर न करता म्हणाले,
"झूलॉजीमां जग्या छे, बेन. जोईए छे?"
मागे रांग वळून पार सायकल स्टँडपर्यंत गेलेली.
म्हटलं, हो.

एवढं सगळं तिकिटात मावत नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही विश्वामित्रीच्या मगरी मोजल्या.
रात्री पुलाखाली उतरून टॉर्च मारायचा,
पाण्यावर डोळे निखाऱ्यासारखे पेटायचे.
दोन डोळे, एक मगर.
एकच डोळा दिसला तर काय धरायचं
यावर ऊर्जिता आणि मी चिखलात उभ्या राहून भांडलो.
शिर्केसर डास मारत म्हणाले,
"दिसलं तेवढं लिहा. उरलेली मगर आपली नव्हे."

हे तास धरायचे का?
समुद्रापलीकडच्या त्या कॉलेजला
कुठलीही पदवी चालते म्हणे,
पण माणसांजवळ घालवलेले तास हवेत.
मगर कुठल्या रकान्यात बसते, ते दिलेलं नाही.

मामा म्हणतो, आधी फिजिओथेरपी कर,
नावाआधी काहीतरी लागेल.
ऊर्जिता म्हणते, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स घे,
अर्जाला वजन येतं.
आईने कॅलेंडरच्या पाठीवर
त्यांची फी आपल्या रुपयांत गुणली.
मध्येच थांबून मला विचारलं,
"इथे हातचे तीन धरले होते का गं मी?"
आणि पान उलटून पुन्हा भिंतीला लावलं,
एकादशीची बाजू वर.

मी रावपुऱ्यात डायलिसिसच्या खोलीत काम करते.
आठ मशिनं, पहिली पाळी पहाटे साडेपाचची.
चौथ्या मशिनवर मालनबाई खांडेकर,
मंगळ, गुरू, शनी.
पहिल्या दिवशी मी सुई उचलली,
तर त्यांनी हात मागे घेतला.
"आधी बोटं ठेव."
ठेवली. कातडीखाली
रक्त घुरघुरत होतं.
"मांजर झोपलंय आत. उठवायचं नाही,
नुसतं आहे ना बघायचं. मग टोच."
दोन वर्षांचा डिप्लोमा झाला होता माझा,
त्यात हे मांजर नव्हतं.

मागच्या शनिवारी चौथं मशिन रिकामं राहिलं.
मी काही बोलले नाही,
दुष्यंतभाईही बोलले नाहीत,
फक्त चादर त्यांनी दोनदा नीट केली.

मंगळवारी मालनबाई आल्या,
देवासला भाच्याचं लग्न उरकून,
पाय सुजलेले, चेहरा सुजलेला,
काट्यावर साडेचार किलो जास्त.
मी रागावून पेन काढलं. काय काय खाल्लंत?
"श्रीखंड. दोन वाट्या."
मी लिहिलं, दोन.
मशिन सुरू झालं. रक्त नळीतून बाहेर जाऊन
परत आलं. बराच वेळ गेला.
मग छताकडे बघत त्या म्हणाल्या,
"खोडून तीन कर."

आज रात्री अर्ज उघडून बसले आहे.
डायलिसिस : चार हजार तीनशे बारा तास.
मामाला ते पाच हजार वाटतात,
पाच हजार कानाला बरे लागतात.
चार हजार तीनशे बारा.
मगरी : सेहेचाळीस तास, माणसे नाहीत.

पदवी : झूलॉजी.
तीच का निवडली :
जागा होती.

बरोबर मावलं. उलट
थोडा चौकोन उरला.

मांजराचं कुठे लिहायचं, ते अजून ठरत नाही.
पाच वाजता निघायचंय.