उसना न्यूट्रल

शाल्मलीनं तपकीर गल्लीतून दोन डब्या आणल्या,
साबणाच्या वडीएवढ्या, पांढऱ्या.
एक तुमच्या प्लगात, काका, एक आमच्या.
इंटरनेट वायरीतून खाली येईल,
दिव्याच्याच, गिझरच्याच वायरीतून.
मी म्हटलं, दोघं एकाच वाटेनं? भांडत नाहीत?
ती म्हणाली, सगळे तुमच्यासारखे नसतात.

सहकारनगरातलं घर, काळ्या दगडाची दीड फुटी भिंत.
फायबर गच्चीवरून माझ्याकडे उतरलेली,
खाली वाय-फायचा एक कांडा पोचत नाही.
भोक पाडायचं तर दोघांची परवानगी हवी,
आणि आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं
ते वाटणीपत्रावर सह्या. अकरा वर्षं झाली.

मीटर तेव्हाच दोन केले. फेज दोन.
टाकी दोन, गेटच्या किल्ल्या दोन,
अंगणात गाडीच्या जागेवर ऑइलपेंटची रेघ,
तीही थोरल्यानं पट्टी लावून मारलेली.
डब्या लावल्या. दिवा लाल.

मग मुलाणी वायरमन आले.
टॉर्च दातात धरून जिन्यातला बोर्ड उघडला.
हा दिवा कुणाच्या मीटरवर?
मी म्हटलं, त्याच्या.
खालून वहिनी म्हणाल्या, भावजींच्या.
मुलाणींनी टॉर्च काढला तोंडातून.
फेज खालून आलीय, न्यूट्रल वरून घेतलाय.
बांधताना कुणीतरी चार वार वायर वाचवली.
आम्ही याला उसना न्यूट्रल म्हणतो, साहेब.
तुमच्या वाटणीत हा राहूनच गेला.
डब्या जिन्यालगतच्या प्लगांत लावून बघा.

हिरवा.

धोक्याचं आहे हां, ते म्हणाले, कापायला हवं.
म्हटलं, पोरीची परीक्षा मेमध्ये आहे, मग बघू.

आता सकाळी साडेआठला माझ्याकडची डबी लाल होते.
दीड मिनिट. हिरवी. पुन्हा लाल.
खाली मिक्सर. वहिनी चटणी वाटतायत,
खोबऱ्याची असणार, लसणाची असती तर वास आला असता.
गुरुवारी वीज गेली की दोन्ही डब्या
एकदमच डोळे मिटतात.
एवढी खबर मला अकरा वर्षांत नव्हती.

काल रात्री सव्वातीनला पाणी प्यायला उठलो
तर लाल.
या वेळी कसली चटणी?
लाल, लाल, दहा मिनिटं होऊन गेली.
मोटर कसली तरी, छोटी, न थांबणारी.
मग आठवलं, लहानपणी एकाच गादीवर
त्याची धाप ऐकत मी भिंतीकडे तोंड करून पडायचो,
आणि हल्ली त्यासाठी ते वाफेचं मशीन मिळतं.
शाल्मली काही बोलली नव्हती.
मीही कधी विचारलं नव्हतं.

जिन्यात गेलो. पायरीवर अंधार.
हाक मारणार होतो, पण कुठल्या नावानं?
वरचं बटण दाबलं.
दिवा लागला.
बऱ्याच वेळानं
खालून कुणीतरी मालवला.
मी परत लावला.