जरा

चौथ्या धक्क्यावर वारा ताशी सत्तरच्या पुढे गेला
की क्रेन थांबवायची असते.
वालपाराइसोच्या बंदरात ते तू करतेस, यास्ना.
वॉकीटॉकी तोंडाशी धरून एकच शब्द: थांबव.
आणि चाळीस मीटर उंचावर बसलेला एलिसेओ,
जो सख्ख्या आईचंही ऐकत नाही,
कंटेनर हवेत तसाच धरून ठेवतो.

मग दहा मिनिटांनी तू वरच्या मजल्यावर येतेस, मीटिंगला,
आणि तुझा आवाज जिन्यातच कुठेतरी राहून जातो.
दाराशेजारची खुर्ची. मांडीवर वही.
"जरा बोलू का?"
"माझं चुकत असेल कदाचित..."
"अगदी छोटासा मुद्दा आहे,"
असं म्हणून जो सांगितलास
तो अकरा तासांचा खोळंबा वाचवणारा होता.
एरिबेर्तोनं तोच चार मिनिटांनी सांगितला,
"जरा" गाळून.
इतिवृत्तात त्याचं नाव लागलं.
इतिवृत्त तूच लिहीत होतीस.

मला कसं कळलं, विचारू नकोस.
सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून
मी केलेल्या कामांना "झालं" म्हणत आले.
वेळापत्रक झालं. हिशेब जुळला. जहाज सुटलं.
जणू सगळं आपोआप, भरती यावी तसं.
कुणी विचारेल, कोणी केलं हे, म्हणून थांबले.
भरतीला कोण विचारतं?

आणि हेही खरं, की जोरात बोललीस
तर म्हणतील, तोऱ्यात असते.
मला म्हणाले होते. पहिल्याच वर्षी, एकदाच.
ते एकदाच मला निवृत्तीपर्यंत पुरलं.

शिफ्टप्रमुखाच्या जागेला सात अटी आहेत.
तुझ्याकडे सहा,
म्हणून अर्ज खणात, लिंबाच्या गोळ्यांखाली.
एरिबेर्तोकडे तीन.
चौथीपुढे त्यानं "शिकतो आहे" लिहिलंय.
त्याला नावं ठेवत नाही मी.
दार ढकलून बघायचं असतं,
हे त्याला कुणीतरी लहानपणीच सांगितलं असणार.
आपल्याला सांगितलं: बूट पूस, आणि उभी राहा.

काल पुन्हा वारा सुटला.
खिडकीतून ऐकू आलं: थांबव.
ना आधी माफी, ना नंतर हसणं.
अख्खा धक्का थांबला, यास्ना. माझा पेनसुद्धा.

शुक्रवारी पाचला मुदत संपते.
मला तुला जरा सांगायचं होतं, की
नाही.
मला तुला सांगायचंय.