ढाळ

धुळ्याच्या दवाखान्यात
माझ्या नडगीचा फोटो उजेडावर लावला.
पंधरा अंश. माथा मागे कललेला.
म्हणून गुडघ्यातली दोरी दोनदा तुटली,
एकदा शहाद्याला, चढाईत,
एकदा नुसतं वळताना, ओट्यापाशी.

हिलाल सर म्हणायचे, जिद्द कमी पडते तुझी.

तीस वर्षं लोकांच्या न्हाण्यांना ढाळ देणारा आप्पा
काचेवर बोट टेकवून म्हणाला,
"ढाळ जास्त व्हयी गया ना, सायेब?"

हो. पुढून हाडाची पाचर काढू,
पट्टी बसवू, मग नवी दोरी.

"कितला सूत?"

कामावरून तसाच आलेला तो.
सोनगीरपाशी एस्टीत पिशवीतली पाणसळ काढली,
माझ्या गुडघ्यावर ठेवली.
बुडबुडा मध्ये थांबेना.
रस्ताच तसा, म्हणाला.