वीज गेली की

हत्तरकी मास्तर रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झाले
तेव्हा त्यांना घड्याळ मिळालं, शाल मिळाली.
त्यांनी मागून आणली ती भंगारात निघालेली
पितळेची मोर्सची की.
माझ्यासमोर टेबलावर दोन स्क्रूंनी बसवली, म्हणाले,
मनगट सैल. विड्या वळतेस ना, तसं.
आई वळते, मी नाही.
मग आईचं मनगट बघ.

ओहमचा नियम, कुठल्या बँडवर किती वॉट,
कुणी संकटात हाक मारली तर आधी आपण गप्प बसायचं,
आणि मिनिटाला आठ शब्द.
परीक्षेला हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेले,
कुर्डुवाडीपर्यंत मांडीवर बोटानं ठोकत.
शेजारच्या बाई म्हणाल्या, तबला शिकतेस काय गं?

नंतर साखर पेठेत चौकशीला पोलीस आला.
वायरलेस? कशापायी? मोबाईल लागत न्हाई का हितं?
आईनं चहा दिला. त्यानं लिहिलं : वर्तन चांगले.
परवाना यायला अकरा महिने.
तोवर बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.

तार नायनांनी मोजली.
एका अंगाला दहा मीटर पाच सेंटिमीटर, दुसऱ्या अंगाला तेवढीच.
तीस वर्षं चादरीचा ताणा ओढलेला माणूस,
टेपच्या आधी हातानंच सांगून मोकळा,
चूक निघाली बोटभर.
गच्चीवरच्या टाकीला बांबू बांधला,
एक टोक चिंचेला, एक यनगंदूलांच्या पत्र्याला.
खाली उभं राहून वर बघत म्हणाले,
हा नुसताच ताणा झाला. बाणा कुठंय?

मास्तरांचा उसना सेट लावला : खरखर.
या टोकापासून त्या टोकापर्यंत खरखर.
शेजारचे चोवीस माग, त्यांच्या मोटारी, ठिणग्या टाकणारे स्टार्टर,
सगळी गल्ली हेडफोनमधून कानात ओतलेली.
मास्तरांनी मीटर बघितला. एक पूर्णांक तीन.
अँटेना चांगली आहे, म्हणाले. गल्ली वाईट आहे.

परवाना आला एप्रिलमध्ये.
मे महिन्यात एका मंगळवारी, भर दुपारी, वीज गेली.
खटाखट विरळ झाली,
शेवटचा धोटा कुठंतरी अर्ध्यातच राहिला.
माणसं बनियन झटकत दारात आली.
मी स्कूटरच्या बॅटरीला चिमटे लावले.

हौदातलं पाणी निवळलं की तळ दिसतो,
तसं. तळाशी माणसं.
कुणी कानडीत बॅटरीचा भाव सांगतंय, कुणी खोकतंय.

डायल खाली, मोकळ्या जागी आणली.
डा-डिट-डा-डिट, डा-डा-डिट-डा.
आहे का कुणी.
व्हीयू टू, आणि पुढची माझी तीन अक्षरं,
नव्या चपलेसारखी अजून चावणारी.
पुन्हा.
मनगट सैल, आईचं.

उत्तर आलं करीमनगरहून,
माझ्याच पायानं चालत, सावकाश.
पाच सात नऊ. नाव लक्ष्मीराजम. हवा गरम.
मी पण कळवलं, गरम.
नायनांचे आजोबा तिकडूनच आले होते, मागावर कामाला.
हे कळवायला मिनिटाला आठ शब्द पुरत नाहीत.

नायना पाठीमागं उभे होते.
मागानं त्यांचे कान कधीच नेले,
आमच्यात बोलणं ओठांवरून चालतं.
मी हेडफोनची पिन उपसली.
त्यांनी स्पीकरच्या जाळीवर बोट टेकवलं,
सूत तुटलं का बघतात तसं,
आणि डोळे मिटले.
लागतंय, म्हणाले.

पावणेपाचला वीज आली.
लक्ष्मीराजम यांचा निरोपाचा त्र्याहत्तर
सातावरच बुडाला. तीन मी अंदाजानं वहीत लिहिला.

नायनांचं बोट अजून जाळीवरच.
आता नुसती खरखर आहे, मी ओठांनी सांगितलं.
असू दे, म्हणाले,
कुठला माग कुणाचा, ते कळतंय.